बुडण्याचा आवाज

पाण्यात माणूस बुडतानाचा आवाज मी नोकरीत असताना वीसेक वेळा तरी केला असेल. कृती सोपी आहे. पत्र्याचा टब घ्यायचा, पाऊण भरायचा, तळाशी जुना टर्किश टॉवेल टाकायचा. टॉवेल नसला तर पत्रा वाजतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तळं न येता टबच येतो. मग दोन्ही हात पाण्यावर आपटायचे, पण एका तालात नाही. ताल आला की कोणीतरी धुणं धूत असल्यासारखं वाटतं. नट माइकजवळ उभा राहून ओरडतो, मध्येच तोंडात पाणी धरून गुळगुळ करतो. शेवटी रबरी नळीनं चार बुडबुडे सोडले की माणूस खलास. पुढच्या प्रवेशात तोच नट इन्स्पेक्टर होऊन येतो.

मी बेंगळुरूतल्या एका रेडिओ केंद्रावर इफेक्टवाला होतो. कागदावर हुद्दा लांबलचक होता, पण सगळे 'इफेक्ट अण्णा' म्हणायचे. नाटकं कन्नड. आम्ही राजाजीनगरचे जुने मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशा चार पिढ्या झाल्या. आमच्या बोलण्यात 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' इतके मुरले आहेत की पुण्याहून आलेली मंडळी आधी हसतात आणि वर्षभरानं स्वतःच रिक्षावाल्याला 'स्वल्प थांब' म्हणायला लागतात.

या धंद्यातली एकच गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. खरा आवाज माइकवर खोटा वाटतो. खरा पाऊस रेकॉर्ड केलात तर भजी तळल्यासारखा ऐकू येतो. पाऊस हवा असेल तर चाळणीत मोहरी फिरवायची. आग हवी असेल तर बिस्किटाच्या पुड्याचा कागद मुठीत हळूहळू चुरगळायचा. हाड मोडायला कोबीचा दांडा लागतो. एका नाटकानंतर हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं, नायकाचा मनगटाजवळचा भाग मोडला आहे हे आवाजावरून स्पष्ट कळलं, अभिनंदन. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. कोबीचं त्यांना कळवलं नाही.

फजित्याही झाल्या. एकदा थेट प्रसारणात आमचा लाकडी दरवाजा अडकला. इफेक्टसाठी चौकटीसकट एक लहानसं दार असतं, कडीकोयंड्यासह. खलनायक आत यायचा होता आणि दार हलेना. मी नुसताच धक्के मारत राहिलो. नायिका प्रसंगावधानाची होती. ती म्हणाली, "मी दार उघडणार नाही! हवं तर खिडकीतून ये!" खिडकी आमच्याकडे नव्हतीच. मी टेबलावरून उडी मारली. दुसऱ्या दिवशी लेखकानं मला चहा पाजला, म्हणाला हा प्रवेश आता असाच ठेवतो.

अशाच एका चहाच्या वेळी अग्निशमन दलातला एक पाणबुडा माझ्याशेजारी बसला होता. मुलाखतीला आला होता. तळ्यांतून, खाणींतून माणसं काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मी उत्साहानं त्याला माझा टब दाखवला, बुडून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान आहे सर. पण बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याखाली, ओरडणार कशानं? हातही आपटता येत नाहीत. उभ्या उभ्या खाली जातो."

"मग मी कुठला आवाज काढू?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा लोकांना सांगितला. प्रत्येक वेळी लोक हसले.

निवृत्तीनंतर केंद्रानं माझं सामान भंगारात काढायचं ठरवलं, कारण आता आवाज कॉम्प्युटरमधून येतात. मी ते दार, टब आणि चाळण्या टेम्पोत घालून घरी आणल्या. सरोजा, माझी बायको, चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सामान मागच्या खोलीत पडून राहिलं आणि मीही जवळजवळ तसाच.

अशात ऋजुताचा फोन आला. ती पुण्याची, आयटीत नोकरी, मारतहळ्ळीत राहणारी. तिनं चार मित्रमंडळींना घेऊन बेंगळुरूतल्या मराठी माणसांसाठी इंटरनेट रेडिओ सुरू केला होता. फोनवरच ऐकायचा. तिला उन्हाळ्यासाठी नाटक करायचं होतं, आणि कॉम्प्युटरमधले आवाज नको होते.

"काका, एकदम ऑर्गॅनिक पाहिजे," ती म्हणाली. मला वाटलं भाजी आणायला सांगते आहे.

नाटक तिनंच लिहिलं होतं. नाव होतं 'नाश्ता धरून दोन दिवस'. त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची भयंकर टंचाई होती. सर्जापूर रोडवरच्या मोठमोठ्या सोसायट्यांत टँकरची वाट बघत लोक बादल्या घेऊन उभे राहायचे, पोहण्याचे तलाव तर बहुतेक कोरडेच. नाटकातलं कुटुंब अशाच एका सोसायटीतलं. पोटभर आंघोळ तरी होईल म्हणून ते शहराबाहेरच्या रिसॉर्टवर जातात, आणि तिथे एकेक गोष्ट बिघडत जाते. खोलीत माकडं शिरतात, आजोबा बफेच्या रांगेत हरवतात. शेवटी कॉलेजात पोहण्यात पहिले आल्याच्या थापा मारणारे बाबा तलावात पडतात. ते ओरडतात, "वाचवा! माझा फोन! आधी फोन वाचवा!" आई काठावरून म्हणते, "अहो, बुडायच्या आधी पासवर्ड सांगा!" आणि मुलगा म्हणतो, "बाबा, परत एकदा ओरडा ना, रेकॉर्ड झालं नाही." बाबा बुडतात. आईला विम्याचे कागद कुठे आहेत ते माहीत नसतं. तिथे नाटक संपतं.

वाचताना मी पोट धरून हसलो. खोटं कशाला सांगू?

रेकॉर्डिंग ऋजुताच्या फ्लॅटमध्ये झालं. भिंतींना गाद्या लावल्या होत्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाहेर एप्रिल. बाबांचं काम करणारा तरुण घामानं इतका निथळत होता की टबाशिवायही तो बुडल्यासारखा दिसत होता. आणि टबात घालायला पाणी नव्हतं! त्यांच्या बिल्डिंगला दोन दिवस टँकर आला नव्हता. शेवटी पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणले आणि आम्ही बाबांना पिण्याच्या पाण्यात बुडवलं. मग तेच पाणी ऋजुतानं गाळून संडासासाठी ठेवलं.

बुडण्याचा प्रवेश घेण्याआधी मी सवयीनं त्यांना पाणबुड्याचा किस्सा सांगितला. सगळे हसले. ऋजुता म्हणाली, "म्हणजे रिअ‍ॅलिटीत सायलेंट असतं? क्रीपी आहे, काका." मग म्हणाली, "पण रेडिओवर मग कळणार कसं?"

"तेच तर," मी म्हणालो, आणि बाह्या वर केल्या.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं बुडणं झालं. दोन मिनिटं. पाण्याला वजन होतं, घबराट होती, हसूही होतं. नाटक गाजलं म्हणजे काय गाजलं! त्या दोन मिनिटांचा तुकडा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. जिथे तलावात पाणी होतं तिथे मुलं 'बुडणारे बाबा' खेळायला लागली. हात आपटायचे आणि ओरडायचं, "वाचवा! माझा फोन!" ऋजुतानं मला तसले व्हिडिओ पाठवले. मी ते सरोजाला दाखवले, शेजाऱ्यांना दाखवले. या वयात पोरं आपली नक्कल करतात, अजून काय पाहिजे?

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा एक बाई घरी आल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. पस्तिशीच्या, साधा सलवार-कुडता, हातात ओली छत्री. ऋजुताकडून पत्ता घेतला म्हणाल्या. नाव वैशाली, मूळच्या नागपूरच्या, राहायला सर्जापूर रोडला. "काका, तुमचं नाटक ऐकलं," एवढंच त्या म्हणाल्या.

मला एवढं पुरेसं होतं. सरोजानं कॉफी केली. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. दार दाखवलं, मोहरीचा पाऊस पाडला. त्या सगळं नीट बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि ते बुडायचं कसं केलं?"

मी टब ओढला. बादलीनं पाणी भरलं, टॉवेल टाकला. हात आपटले, ओरडलो, गुळगुळ केलं. साठी उलटलेला माणूस, गुडघ्यांवर बसून, एका अनोळखी बाईसमोर जीव तोडून बुडून दाखवत होतो. शेवटचे बुडबुडेसुद्धा सोडले. वर बघितलं तर त्या दाराशी उभ्या होत्या, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून.

"असा आवाज नाही झाला, काका," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, कामातली चूक काढताहेत. मी विचारलं, "कुठे?"

त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या कचेरीत पुन्हा पुन्हा सांगावं लागलेलं असावं तसं. सोसायटीचा तलाव बंद म्हणून मे महिन्यात तीन कुटुंबं मिळून एका रिसॉर्टवर गेली होती. त्यांची सई आठ वर्षांची. पाण्यात मुलं तोच खेळ खेळत होती. वाचवा, माझा फोन. सकाळपासून ओरडा चालू होता. वैशाली चार पावलांवर, छत्रीखाली, फोनवर बोलत होत्या. ऑफिसचा फोन होता.

"मी पाठ करून बसली होती. मला वाटलं, कान आहेत ना माझे तिकडे. काही झालं तर आवाज येईलच. पोरं ओरडून राहिली होती तोवर मला काळजी नव्हती. मग ओरडणं थांबलं." त्यांनी कॉफीकडे बघितलं. "मला बरं वाटलं, काका. वाटलं, चला, दमली एकदाची. आता नीट बोलता येईल."

बाकीची मुलं आईस्क्रीम खायला बाहेर गेली होती. सई गेली नव्हती.

सरोजा माझ्यामागे येऊन उभी होती. माझे हात कोपरापर्यंत ओले होते, आणि ते पुसावेत की नाही हे मला कळेना. मी म्हणालो, "मला माहीत होतं." का म्हणालो कोण जाणे. "बुडताना आवाज होत नाही, हे मला एका माणसानं सांगितलं होतं. मला माहीत असून मी..."

"ऋजुतानं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "मी भांडायला नाही आली. तुम्ही फक्त खरा आवाज करून द्या. आणि तो लावा. बस."

सरोजानं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. "अय्यो, देवा," म्हणाली आणि त्यांना पोटाशी धरलं. वैशाली रडल्या नाहीत. सरोजाच रडली.

नंतरचे तीन आठवडे आम्ही पाच मिनिटांच्या एका कार्यक्रमावर काम केलं. मी, ऋजुता आणि वैशाली. ऋजुतानं रजा घेतली. ती पहिल्यासारखी बोलत नव्हती. एकदा मला म्हणाली, "काका, तो जोक मी लिहिलाय. फोनचा." मी म्हणालो, मी वाजवला.

त्या पाच मिनिटांत वैशाली स्वतः सांगणार होत्या: मी चार पावलांवर होते. मग जे ऐकू येत होतं तेवढंच ऐकवायचं. रेडिओत शांतता म्हणजे कोरी टेप नव्हे. कोरी टेप वाजवली तर मशीन बिघडल्यासारखं वाटतं. जागेची स्वतःची एक बारीक हवा असते, ती भरावी लागते. मी वैशालींना विचारत गेलो. फिल्टरचा पंप होता का? होता. पाणी काठाला लागत होतं? हो, चुळुक चुळुक. कावळे? एक होता. आणि आईस्क्रीमच्या कपात लाकडी चमचा. तो मी आठ वेळा केला. आठव्यांदा त्यांनी मान हलवली आणि खोलीबाहेर गेल्या.

ती शांतता किती वेळाची ठेवायची यावर अडलं. वैशालींना चार मिनिटं हवी होती, कारण त्यांचा फोन तेवढा चालला होता. ऋजुता म्हणाली, "ताई, एवढं कोणी ऐकत नाही. लोक बंद करतात." शेवटी चाळीस सेकंदांवर ठरलं. वैशाली म्हणाल्या, "ठीक आहे." आयुष्यात मी कोणाला याहून वाईट 'ठीक आहे' म्हणताना ऐकलेलं नाही.

रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. मी आणि सरोजा मोबाइल मध्ये ठेवून बसलो. वैशालींचा आवाज आला, स्वच्छ, सपाट. मी चार पावलांवर होते. मग पंप, पाणी, चमचा. मग तेही विरून जागेची बारीक हवा तेवढी उरली. मी घड्याळाकडे बघत होतो. दहा सेकंद, अकरा, बारा.

आणि ढोलकी वाजली. पाठोपाठ एक बाई आनंदानं सांगू लागली की कुटुंबासह या, मुलांसाठी खास तलाव, मजाच मजा.

ऋजुताच्या सर्व्हरमध्ये एक सोय होती, ती मला नंतर समजली. बारा सेकंद आवाज खाली गेला की मशीन समजतं, प्रसारण बंद पडलं, आणि आपलं आपण जाहिरात लावतं. माझा आवाज इतका बारीक होता की मशीनला तो आवाज वाटलाच नाही. जाहिरात उन्हाळ्यातली उरलेली, कुठल्याशा भलत्याच रिसॉर्टची. ऋजुताचा फोन आला, तिला हुंदक्यांमुळे बोलता येत नव्हतं. तिनं ती सोय बंद करायला हवी होती, विसरली.

मी वैशालींना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी उचलला. मग म्हणाल्या, "काका, तिथेही असंच होतं. सईला बाहेर काढलं, तोंडातून श्वास देऊन राहिले होते, आणि स्पीकरवर गाणी चालू. कोणाच्या लक्षातच नाही आलं बंद करायचं."

पुढच्या रविवारी ऋजुतानं स्वतः बसून कार्यक्रम पुन्हा लावला, ती सोय बंद करून. चाळीसच्या चाळीस सेकंद गेले. त्या रेडिओवर ऐकता ऐकता लोकांना लिहिता येतं. ऋजुतानं मला ते संदेश नंतर दाखवले, मीच हट्ट केला म्हणून. 'आवाज गेला का?' 'ऑडिओ येत नाहीये.' 'माझंच नेट स्लो आहे की सगळ्यांचं?' एकानं लिहिलं होतं, 'आधीचं विनोदी नाटक मस्त होतं, ते लावा.' शेवटपर्यंत ऐकलेले अकरा जण निघाले. त्यांत आम्ही चार घरचेच.

वैशाली आणि त्यांचे यजमान नागपूरला परत गेले. जाण्याआधी त्यांनी ती चाळीस सेकंदांची फाइल मागून घेतली. ऋजुतानं रेडिओ बंद केला. नाटकाचा तुकडा मात्र बंद करणारं कोणी नाही, तो फिरतोच आहे. टब मी भंगारवाल्याला दिला, त्यानं तो उलटा करून वाजवून बघितला.

यंदाच्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट सुचली. आमच्याकडे चालत जाण्याच्या अंतरावर पोहण्याचा तलाव आहे, सुट्टीत सकाळी मुलांचे वर्ग चालतात. मी रोज तिकीट काढून काठावरच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. कानात कापूस घालून. आयुष्यभर कानांवर विश्वास ठेवला, आता फक्त डोळ्यांनी बघायचं असं ठरवलं होतं. डोकी मोजायची. एकवीस, एकवीस, वीस. मग उभं राहायचं. मग एकवीस. जीवरक्षक होता, पोरगेला, चांगला होता. तोही मधूनमधून फोन बघायचा. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर टपली मारायचो.

नवव्या की दहाव्या दिवशी मॅनेजर माझ्याकडे आले. कन्नडमध्येच बोलले, सभ्यपणे. त्यांचे ओठ हलताना दिसले म्हणून मी कापूस काढला.

"सर, तुमचं कोणी पोहतं का इथे? नातू, नात?"

"नाही."

"पालकांच्या तक्रारी आहेत, सर. एक वयस्क माणूस रोज येतो, पोहत नाही, नुसता मुलांकडे टक लावून बघतो. आजकालचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. तुम्ही तसे नाही हे मला कळतंय. पण..."

मला सांगता आलं असतं. सुरुवात कुठून करायची ते सुचेना. टबापासून? पाणबुड्यापासून? पलीकडे पाच-सहा आया एका ओळीत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. सगळ्याच. पाण्याकडे त्या क्षणी कोणीच बघत नव्हतं.

"सरी," मी म्हणालो आणि उठलो.

बाहेर आलो आणि पाय निघेनात म्हणून कंपाउंडच्या भिंतीला लागून उभा राहिलो. भिंत माझ्यापेक्षा दोन हात उंच. आतून मुलांचा कालवा ऐकू येत होता. पाणी उडत होतं, कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मग एकाएकी सगळं थांबलं.

मी कान भिंतीला लावला. मग शिट्टी वाजली आणि कालवा पुन्हा सुरू झाला. मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मोजायचं मला सुचलंच नाही.